इन्शुरन्स नसलेल्या घरात साधा आजार मोठा का होतो

इन्शुरन्स नसला की काय होतं असं कुणालाही विचारा, उत्तर पैशाचंच येतं. बिल येतं, दागिने मोडावे लागतात, सोसायटीचं कर्ज होतं, वर सावकाराचं होतं, एखादा शेताचा तुकडा जातो. हे सगळं खरंय आणि त्यावर बोललंही जातं. पण माझं तालुक्याच्या गावात मेडिकलचं दुकान आहे आणि काउंटरमागे उभं राहून जे दिसतं ते मला जास्त अस्वस्थ करतं. इन्शुरन्स नसल्याचा फटका आधी तब्येतीला बसतो, बिल फार नंतर येतं. कधीकधी तर बिल येतच नाही कारण माणूस हॉस्पिटलपर्यंत पोचतच नाही. तर हे नेमकं कसं होतं, शरीरात काय होतं, आणि यावर जे मोठे अभ्यास झालेत त्यातून काय निघालं, हे जमेल तेवढं सोपं करून सांगतो.

आधी एक शंका, जी बरेच जण काढतात. आपल्याकडची बहुतेक पॉलिसी अॅडमिट झाल्यावरच कामाला येते, डॉक्टरची फी, रक्ताची तपासणी, महिन्याच्या गोळ्या हे तर सगळे खिशातूनच भरतात, ज्याच्याकडे पॉलिसी आहे तोसुद्धा. मग इन्शुरन्स नसल्याने माणूस साध्या तपासणीला का जात नाही? कारण त्याच्या डोक्यात पुढचं चालू असतं. छातीत जडजड वाटतंय, डॉक्टरकडे गेलो, त्यांनी ईसीजी काढला आणि म्हणाले अँजिओग्राफी करा, तर? गाठ दाखवली आणि म्हणाले ऑपरेशन करावं लागेल, तर? मग काय करायचं, कुठून आणायचे? म्हणजे तीनशे-चारशे रुपयांच्या फीची भीती नसतेच, त्याच्या मागे उभ्या असलेल्या लाखाची असते. आणि ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे नाही तो प्रश्न विचारायलाच माणूस जात नाही, हे अगदी माणसासारखंच आहे, त्याला अडाणीपणा म्हणू नये. "बघू, दिवाळी होऊ दे", "ऊस जाऊ दे", "पोरीचं लग्न होऊन जाऊ दे" असं म्हणत दुखणं पुढं ढकललं जातं. पुढे ढकललेलं प्रत्येक दुखणं वाढतंच असं नाही, बरीच आपोआप बरी होतात, म्हणून तर सवय लागते. पण काही आजार असे आहेत की ते थांबत नाहीत.

बीपी घ्या. १४०/९० च्या वर सतत राहिलं तर त्याला हाय बीपी म्हणतात, आणि त्याची सगळ्यात वाईट गोष्ट ही की काहीच दुखत नाही. माणूस शेतात जातो, रिक्षा चालवतो, जेवतो, झोपतो, आणि आत रक्ताच्या नळ्यांच्या भिंतींवर रात्रंदिवस जास्तीचा दाब पडत असतो. त्या भिंती कडक होतात, खरबरीत होतात, हृदयाला जोर लावून लावून पंप करावं लागतं म्हणून त्याचा स्नायू जाड होतो, आणि किडनीत ज्या बारीक बारीक चाळण्या असतात त्या एकेक करून निकामी होतात. किडनी तर इतकी सोशिक आहे की निम्म्याहून जास्त काम बंद पडेपर्यंत तक्रार करत नाही. मग एक दिवस पायाला सूज, उलट्या, धाप, आणि रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन (किडनी नीट चालत नसली की रक्तात साठणारा कचरा) इतकं वाढलेलं की डॉक्टर थेट डायलिसिसचं नाव काढतात, आठवड्यातून दोनदा-तीनदा, दरवेळी चार-चार तास, आयुष्यभर किंवा किडनी मिळेपर्यंत. आता हिशोब बघा. बीपीची साधी गोळी जेनेरिकमध्ये दिवसाला एक-दोन रुपयाला पडते, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. ती न घेतल्यामुळे जे होतं त्याला लाखो रुपये लागतात. आणि तरीही लोक गोळी सोडतात, कारण बरं वाटतं. वर्षातून दोनदा तपासायला सांगणारा ठरलेला डॉक्टरच ज्याला नाही, त्याला ही गोळी बंद करायची नसते हे सांगणारं कुणीच नसतं.

यावर अमेरिकेत १९७० च्या दशकात एक मोठा प्रयोग झाला होता, रँड नावाच्या संस्थेने केलेला. अडीच हजारांहून जास्त कुटुंबांना चिठ्ठ्या टाकून वेगवेगळ्या प्रकारचा इन्शुरन्स दिला, काहींना सगळं फुकट, काहींना बिलाचा काही भाग स्वतः भरायचा. काही वर्षांनी बघितलं तर सरासरी माणसाच्या तब्येतीत फार फरक नव्हता, हे सांगितलं पाहिजे. पण जे गरीब होते आणि ज्यांना मुळात बीपी होतं, त्यांच्यात फुकटवाल्यांचं बीपी स्पष्टपणे कमी झालेलं निघालं. ज्यांचा धोका आधीच जास्त होता त्यांच्यात मरणाचा अंदाजे धोका दहा टक्क्यांनी कमी झाला. कारणही साधं होतं, डॉक्टरकडे जाणं वाढलं म्हणून बीपी सापडलं. म्हणजे इन्शुरन्सचा फायदा सगळ्यांना सारखा होत नाही, जो गरीब आहे आणि आजारी आहे त्याला जास्त होतो. नेमका त्याच्याकडेच तो नसतो.

शुगरचं तर विचारू नका. माझ्याकडे येणाऱ्यांत असे किती तरी आहेत जे दहाच्या स्ट्रिपमधल्या चार गोळ्या कापून मागतात, "पुढच्या बाजाराला बाकीच्या नेतो" म्हणून, आणि पुढच्या बाजाराला येत नाहीत. इन्सुलिन घेणारे युनिट कमी करून बाटली जास्त दिवस पुरवतात. डॉक्टरने सांगितलेली तीन महिन्यांची शुगरची तपासणी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी, वर्षातून एकदाही होत नाही. शुगर वाढलेली राहिली की नसा बधिर होतात, तळपायाला खडा टोचला, चप्पल चावली तरी कळत नाही, जखम होते, रक्तपुरवठा कमी म्हणून ती भरत नाही, त्यात इन्फेक्शन होतं. या टप्प्यावर ड्रेसिंग आणि योग्य अँटिबायोटिकने पाय वाचतो. आणखी तीन आठवडे हळद लावून काढले की बोट जातं, अजून उशीर झाला की घोट्यापासून किंवा गुडघ्याखालून पाय जातो. शेतमजुराचा पाय जाणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. डोळ्याचंही तसंच, आतल्या पडद्यावर बारीक रक्तस्राव होत राहतात, वर्षातून एकदा डोळ्याची तपासणी झाली तर लेझर वगैरे करून नजर टिकवता येते, पण दिसायला कमी आल्यावर गेलं तर गेलेली नजर बरेचदा परत येत नाही.

आता हार्ट अटॅक, कारण तिथे उशीर वर्षांत मोजत नाहीत, मिनिटांत मोजतात. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीत गुठळी अडकते आणि तिच्या पुढचा स्नायू मरायला लागतो. पहिल्या तासा-दोन तासांत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालं किंवा अँजिओप्लास्टी (अडलेली नळी आतून उघडणं) झाली तर बराचसा स्नायू वाचतो, जसजसे तास जातात तसा फायदा कमी होत जातो. भारतात ५० शहरांतल्या ८९ हॉस्पिटलांमध्ये वीस हजारांहून जास्त हृदयरुग्णांचा एक मोठा अभ्यास झाला, २००८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात दुखायला लागल्यापासून हॉस्पिटलला पोचेपर्यंतची मधली वेळ निघाली ३६० मिनिटं. सहा तास! म्हणजे निम्म्या लोकांना त्याहूनही जास्त लागले. त्यात ट्रॅफिक आलं, अंतर आलं, "अॅसिडिटी असेल" असं म्हणून सोडा पिणं आलं, आणि पैशाची जुळवाजुळवही आली. भावाला फोन, मेव्हण्याला फोन, कुठल्या हॉस्पिटलला डिपॉझिट कमी लागतं त्याची चौकशी, तोवर पेशंट घरातच घाम गाळत बसलेला.

पण त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तीस दिवसांत मरण पावलेल्यांचं प्रमाण गरीब रुग्णांत ८.२ टक्के होतं आणि श्रीमंत रुग्णांत ५.५ टक्के. मग अभ्यास करणाऱ्यांनी हिशोब केला की कुणाला कोणते उपचार मिळाले, आणि तो फरक बाजूला काढून बघितलं तर गरीब-श्रीमंत यांच्या मृत्यूतला फरक नाहीसा झाला. गरिबाचं हृदय वेगळं नसतं हो. त्याला गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, अँजिओप्लास्टी, नंतरच्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या कमी मिळाल्या, एवढंच. हे ज्याने वाचलं त्याला "ज्याचं त्याचं नशीब" असं म्हणता येणार नाही.

इथेच एक गोष्ट सांगून ठेवतो. इमर्जन्सीत आधी जीव वाचवायचा, पोलिसांची आणि बाकीची कागदं नंतर, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट सांगितलंय, सरकारी आणि खाजगी दोन्ही डॉक्टरांना. पेशंट दारात असताना आधी काउंटरवर पैसे भरा म्हणून अडवून धरलं तर हे नातेवाइकांनी ठणकावून सांगावं.

कॅन्सरमध्ये उशीर वेगळ्या पद्धतीने काम करतो. तोंडात पांढरा चट्टा आहे, तंबाखू-मावा खाणाऱ्याचं तोंड हळूहळू कमी उघडायला लागलंय, किंवा बाईच्या छातीत न दुखणारी गाठ आहे. न दुखणारी आहे म्हणूनच ती मागे पडते, आणि घरातल्या बायकांचं दुखणं तर तसंही यादीत सगळ्यात शेवटी असतं, नवऱ्याचं, पोरांचं, सासूचं झाल्यावर. सुरुवातीच्या स्टेजला छोटं ऑपरेशन, कमी औषधं आणि बरं होण्याची चांगली शक्यता. तिसऱ्या-चौथ्या स्टेजला मोठं ऑपरेशन, किमो, रेडिएशन, खर्च कित्येक पटीने जास्त आणि शक्यता कमी. म्हणजे ज्याच्याकडे पैसे नाहीत तो पैसे वाचवायला थांबतो आणि थांबल्यामुळेच जास्त महागड्या स्टेजला पोचतो. परळच्या टाटा हॉस्पिटलच्या आजूबाजूला फुटपाथवर आणि धर्मशाळांत राहणारी कुटुंबं ज्यांनी बघितलीत त्यांना हे माहितीये. तिथे उपचार आहेत, चांगले आहेत, पण तिथपर्यंत यायला जे महिने गेलेले असतात ते कुणी परत देऊ शकत नाही. आयुष्मान भारत योजना आल्यानंतर कॅन्सरचं निदान झाल्यापासून तीस दिवसांत उपचार सुरू होणाऱ्या रुग्णांचं प्रमाण वाढलं, आणि योजनेत नाव असलेल्यांचं जास्त वाढलं, असं लॅन्सेटच्याच एका नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दिसलंय.

आणि समजा पेशंट वेळेत अॅडमिट झाला, तरी इन्शुरन्स नसल्याचा त्रास संपत नाही. रोज संध्याकाळी काउंटरवरून फोन येतो, इतके भरा. मग चौथ्या दिवशी घरचे म्हणतात आमच्या जबाबदारीवर डिस्चार्ज द्या. तो कागद सही करून पेशंट घरी येतो, अर्धा बरा. इंजेक्शनमधून सात दिवस जायची अँटिबायोटिक चार दिवस गेलेली असते, पुढच्या गोळ्यांची चिठ्ठी माझ्या दुकानात येते आणि त्यातलं सगळ्यात महागडं औषध "हे राहू द्या" म्हणून वगळलं जातं. अर्धा राहिलेला न्यूमोनिया पुन्हा उलटतो. फ्रॅक्चरचं ऑपरेशन होतं पण फिजिओथेरपी होत नाही म्हणून हात कायमचा आखडतो. लकव्याच्या पेशंटचं तर पहिल्या काही महिन्यांचं व्यायामाचं काम फार मोलाचं असतं, तेच नेमकं सुटतं. टीबीचं औषध सरकार फुकट देतं, कोर्स पूर्ण होईपर्यंत पाठपुरावा करतं, म्हणून लाखो लोक तो कोर्स पुरा करतात, यावरून लक्षात येईल की औषध अर्धवट सोडणं हा काही लोकांचा स्वभाव नाही, पैसे आणि आधार मिळाला तर ते पूर्ण घेतात.

मनावर काय होतं ते कुणी मोजत नाही असं वाटायचं, पण मोजलंय. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याकडे २००८ मध्ये गरिबांच्या सरकारी इन्शुरन्समध्ये साधारण दहा हजार माणसं घेता येतील एवढाच पैसा होता आणि अर्ज आले नव्वद हजारांच्या आसपास. मग त्यांनी सरळ लॉटरी काढली. संशोधकांना यातून आयती तुलना मिळाली, एकसारखी माणसं, काहींना नशिबाने इन्शुरन्स मिळाला, काहींना नाही. दोन वर्षांनी बघितलं तर इन्शुरन्स मिळालेल्यांत डिप्रेशन साधारण तीस टक्क्यांनी कमी होतं. शुगर सापडण्याचं आणि तिची औषधं घेण्याचं प्रमाण वाढलं होतं, आजारपणामुळे कंगाल करणारा खर्च जवळजवळ संपला होता. पण बीपी आणि तीन महिन्यांची शुगर यांच्या आकड्यांत दोन वर्षांत ठळक फरक दिसला नाही. या शेवटच्या गोष्टीवरून बरीच भांडणं झाली, काही जण म्हणाले बघा इन्शुरन्सने काही होत नाही. मला हे पटत नाही. दोन वर्षं हा काळ बीपी-शुगरसाठी छोटा आहे, आणि उद्या काही झालं तर आपलं कसं होईल ही धास्ती उतरणं ही तब्येतच आहे, वेगळं काही नाही. रात्री झोप लागणं ही तब्येत आहे.

मग इन्शुरन्सने मरण कमी होतं का? याचं उत्तर बरीच वर्षं नीट मिळत नव्हतं, कारण इन्शुरन्स असलेला माणूस मुळात शिकलेला, पगारदार, चांगलं खाणारा असतो, मग तो जास्त जगला तर श्रेय कुणाला द्यायचं? २०१६-१७ च्या सुमारास अमेरिकेच्या टॅक्स खात्याने, ज्यांनी इन्शुरन्स नसल्याचा दंड (तेव्हा तिथे असा दंड होता) भरला होता अशा करदात्यांना पत्रं पाठवली, की बाबांनो तुमच्यासाठी या या सोयी आहेत, घेऊन टाका. ३९ लाख पत्रं गेली आणि छपाईचा पैसा पुरला नाही म्हणून काही लाख लोकांना गेलीच नाहीत, आणि कुणाला गेली कुणाला नाही हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं होतं. नंतर मृत्यूच्या नोंदी तपासल्या तर ४५ ते ६४ वयाच्या ज्या लोकांना पत्र मिळालं होतं त्यांच्यात पुढच्या दोन वर्षांत दर १,६४८ माणसांमागे एक मरण कमी झालेलं दिसलं. फक्त एक पत्र. त्या पत्रामुळे ज्यांनी इन्शुरन्स घेतला तेवढ्यांपुरतं बघितलं तर परिणाम याहून कितीतरी मोठा आहे.

आपल्या शेजारचंच उदाहरण हवं असेल तर कर्नाटकचं आहे. तिथे २०१० मध्ये वाजपेयी आरोग्यश्री योजना सुरू झाली, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना हृदय, कॅन्सर, किडनी असे मोठे उपचार फुकट. आधी उत्तरेकडच्या जिल्ह्यांत आली, दक्षिणेत नंतर. त्या मधल्या काळात योजना आलेल्या आणि न आलेल्या जिल्ह्यांच्या सीमेच्या दोन्ही बाजूंची, एकमेकांसारखीच गावं संशोधकांनी ताडून बघितली. योजनेत असलेल्या आजारांनी होणारे मृत्यू योजना असलेल्या गावांतल्या गरीब कुटुंबांत ६४ टक्क्यांनी कमी निघाले. हा आकडा मोठा आहे, इतका मोठा की सगळीकडे असाच येईल असं मी म्हणणार नाही. कारण त्याच कर्नाटकात नंतर दुसऱ्या एका सरकारी हॉस्पिटल-विम्यावर पन्नास हजारांहून जास्त लोकांचा प्रयोग झाला, त्यात तब्येतीवर फारसा परिणाम दिसलाच नाही. का? बऱ्याच लोकांना कार्ड वापरता आलं नाही. कार्ड घरी विसरलं, कसं वापरायचं माहीत नव्हतं, किंवा हॉस्पिटलने घेतलं नाही. हे वाचलं तेव्हा मला आमच्या गावातलीच माणसं दिसली. कार्ड असणं आणि कार्ड चालणं यात फार अंतर आहे, आणि तब्येत सुधारते ती चाललेल्या कार्डाने.

तर आता आपल्याकडे काय आहे ते. देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार फक्त ४१ टक्के घरांमध्ये किमान एका तरी माणसाला कुठला तरी आरोग्य विमा किंवा योजना होती, म्हणजे निम्म्याहून जास्त घरांत एकालाही नाही. नीती आयोगाने २०२१ मध्ये सांगितलं की साधारण ४० कोटी लोक असे आहेत जे सरकारी योजनेत बसण्याइतके गरीब नाहीत आणि स्वतःची पॉलिसी घेण्याइतके सधनही नाहीत. रिक्षावाले, छोटे दुकानदार, खाजगी शाळेतले शिक्षक, चार-पाच एकरवाले. देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९ टक्क्यांवर आला, हे चांगलंच आहे, पण ३९ सुद्धा फार आहे.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर बऱ्याच लोकांना आपल्याकडे कव्हर आहे हेच माहीत नसतं! २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे राज्यभर झाली, २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. आधी पिवळं-केशरी रेशनकार्ड लागायचं, जुलै २०२४ पासून पांढरं कार्डवालेही आले, म्हणजे कागदावर राज्यातलं प्रत्येक कुटुंब आलं, वर्षाला पाच लाखांपर्यंत. ठरवून दिलेले हजाराहून जास्त उपचार आहेत आणि ठरवून दिलेली हॉस्पिटलं आहेत, त्या प्रत्येक ठिकाणी आरोग्यमित्र नावाचा माणूस बसलेला असतो, आधी त्याला गाठायचं. तातडीची केस असेल तर फोनवर कळवून उपचार सुरू करता येतात, कागद नंतर. ७० वर्षं आणि त्यापुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मानचं वेगळं कार्ड मिळतं, त्याची चौकशी १४५५५ वर होते. घरात आजी-आजोबा असतील तर हे कार्ड काढलं नसेल तर काढाच. अडचणी आहेत, नाही असं नाही. योजनेतलं हॉस्पिटल लांब असतं, बेड नाही म्हणतात, "हा आजार बसत नाही" म्हणतात आणि ते खरं की खोटं हे सामान्य माणसाला कळत नाही. म्हणून नकार दिला तर तो कुणी दिला, कोणत्या कारणाने दिला हे लिहून मागावं, लिहून द्यायची वेळ आली की बरेचदा बेड निघतो.

योजनेत नसलेल्या मोठ्या ट्रस्टच्या हॉस्पिटलांचंही माहीत असू द्या. राज्याच्या विश्वस्त कायद्यातल्या ४१ एए कलमाखाली धर्मादाय हॉस्पिटलांना दहा टक्के बेड निर्धन रुग्णांसाठी फुकट आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवावेच लागतात, मुंबई हायकोर्टाने २००६ मध्ये याची योजनाच घालून दिली, आणि बिलांच्या दोन टक्के रक्कम त्यासाठीच्या फंडात टाकायची असते. उत्पन्नाचा दाखला लागतो. कारखान्यात किंवा दुकानात पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) लागू होतं का ते मालकाला विचारा, त्यात ओपीडी (अॅडमिट न होता होणारी तपासणी) आणि औषधंही येतात, आणि ओपीडी येणं किती मोठी गोष्ट आहे ते वर बीपीच्या गोष्टीत आलंच आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरपासून सगळं फुकट आहे. बीपी-शुगरच्या गोळ्या तिथून न्या, मी मेडिकलवाला असून सांगतोय, माझ्याकडून अर्धी स्ट्रिप नेण्यापेक्षा तिथून पूर्ण महिन्याच्या नेलेल्या बऱ्या.

ज्यांना स्वतःची पॉलिसी परवडते त्यांनी ती आजार यायच्या आधी घ्यावी, कारण आधीपासून असलेल्या आजाराला कंपनी जास्तीत जास्त ३६ महिने वेटिंग पिरियड लावू शकते. शुगर निघाल्यावर घाईने पॉलिसी घेतली की तीन वर्षं त्यासाठीचं कव्हर नाही. आणि आजार लपवू नका, एजंट "लिहू नका, प्रीमियम वाढेल" म्हणाला तरी लिहा, क्लेम नाकारायला पहिलं कारण तेच सापडतं. रूमच्या भाड्याला मर्यादा आहे का हेही बघा, कारण मर्यादेपेक्षा महाग रूम घेतली तर काही पॉलिसींमध्ये फक्त रूमचंच नाही, डॉक्टर-ऑपरेशनचं बिलही त्या प्रमाणात कापतात. वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेलाय, तेवढं हलकं झालंय.

मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आई-वडिलांसाठी एक वाक्य. तिथे हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत पैसे नसले तरी तपासून स्थिर करणं १९८६ च्या कायद्याने बंधनकारक आहे, पण बिल नंतर येतंच, आणि पाहुण्यांसाठीच्या ट्रॅव्हल पॉलिसीत जुना बीपी, जुनी शुगर बहुतेक वेळा नसते किंवा फार मर्यादित असते. पूर्ण मुक्कामाच्या गोळ्या आणि डॉक्टरची चिठ्ठी इथूनच न्या, आणि तिथे गेल्यावर मुलाला खर्च नको म्हणून दुखणं अंगावर काढू नका.

शेवटी कागदांचं, कारण योजना अडते ती बहुतेक तिथेच. रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही, एकात आडनाव आधी, एकात नंतर, वडिलांच्या जागी आजोबांचं नाव. नव्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी केलेलं असतं आणि सासरच्या कार्डात चढवलेलं नसतं, म्हणजे ती कुठेच नसते, आणि पहिल्या बाळंतपणात काही गुंतागुंत झाली की हे कळतं. बाळाचं नाव तर दोन-दोन वर्षं घालत नाहीत. हे काम सेतू केंद्रात आणि तहसीलच्या पुरवठा शाखेत होतं, एका फेरीत होत नाही. जुनं कार्ड, सगळ्यांचे आधार, सुनेसाठी माहेरचा नाव कमी केल्याचा दाखला आणि बाळाचा जन्मदाखला एवढं सोबत घेऊन जा, आणि कार्ड हातात आलं की आरोग्यमित्राकडे एकदा दाखवून योजनेत सगळ्यांची नावं दिसतायत का ते बघून घ्या.